सल्ला हवा: तरुण मुलांच्या ख्रिस्ती विश्वासावरच्या प्रश्नांसाठी काय वाचावं?

शुभदा_एम:
आमच्या मंडळीत कॉलेजच्या मुलामुलींचा बायबल अभ्यास माझ्याकडे आहे. मुलं हल्ली जे प्रश्न आणतात ते मला मोलाचे वाटतात. "विश्वास ठेवा, आपोआप कळेल" असं म्हणून त्यांना गप्प बसवायची माझी मुळीच इच्छा नाही. येशूचं पुनरुत्थान ही मागाहून रचलेली दंतकथा नाही कशावरून? विश्व कसं झालं हे विज्ञान सांगतंय, मग उत्पत्तीच्या पुस्तकाचं काय करायचं? तिसरा प्रश्न एका मुलीचा आहे. तिची आई आजारपणात गेली. सगळी मंडळी प्रार्थना करत होती. ती विचारते, देवाने का ऐकलं नाही?

मी धर्मशास्त्र शिकलेली नाही, पण वाचायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

पानोपानी:
ताई, तिन्ही प्रश्नांना पुरेल असं एक पुस्तक शोधू नका. हे तीन वेगळ्या जातीचे प्रश्न आहेत.

पुनरुत्थानासाठी सगळ्यात आधी १ करिंथकरांस पत्राचा १५ वा अध्याय घ्या, ओवी १ ते ११. मुलांसोबत मोठ्याने वाचा आणि सावकाश वाचा. हे पत्र प्रेषित पौलाने इ.स. ५४-५५ च्या सुमारास लिहिलं. येशूला क्रुसावर दिलं ते इ.स. ३० किंवा ३३ मध्ये, म्हणजे मध्ये वीस-पंचवीस वर्षंच गेली होती. त्यातही पौल म्हणतो की जे मला मिळालं तेच मी तुम्हाला सांगितलं, म्हणजे मजकूर पत्राहून जुना. मग उठलेला येशू ज्यांना दिसला त्यांची यादी येते: केफा (म्हणजे पेत्र), बारा शिष्य, पाचशेहून अधिक बंधू, याकोब, सर्व प्रेषित आणि शेवटी पौल स्वतः. पाचशेंपैकी बहुतेक अजून हयात आहेत, हे तो मुद्दाम सांगतो. ज्यांना शंका असेल त्यांनी जाऊन विचारावं, असाच त्याचा सूर आहे.

यानंतर लगेच गलतीकरांस पत्र १:१८-१९ उघडा. पौल यरुशलेमेत केफाकडे पंधरा दिवस राहिला आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीतल्या दोघांना तो स्वतः समोरासमोर भेटलेला आहे. "शेकडो वर्षांनी कुणीतरी रचलं" हा आक्षेप इथे टिकत नाही.

यापुढे जायचं असेल तर नव्या कराराचे अभ्यासक एन. टी. राइट यांचं पुनरुत्थानावरचं २००३ सालचं पुस्तक घ्या. आठशेहून जास्त पानांचं आहे, सलग वाचायला जाऊ नका. त्या काळचे ज्यू आणि ग्रीक-रोमन लोक मृत्यूनंतरच्या जीवनाबद्दल काय मानत होते, तेवढा भाग आधी वाचला तरी पुष्कळ.

निरीश्वर_वाचक:
मी ख्रिस्ती घरात वाढलो, आज देव मानत नाही. शुभदाताईंचा प्रश्न प्रामाणिक वाटला म्हणून लिहितोय.

पानोपानींनी दिलेली कालगणना बरोबर आहे, पण तिच्यावर किती भार टाकायचा ते मुलांना सांगा. श्रद्धा फार लवकर निर्माण झाली, एवढंच त्यातून सिद्ध होतं. घटना घडली हे सिद्ध होत नाही. मी मंडळी सोडली त्या काळात ही दोन विधानं एकच असल्यासारखी मला सांगितली जात होती, आणि ते लक्षात आल्यावर बाकीच्या सांगण्यावरचाही माझा भरवसा गेला.

दुसरं म्हणजे पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याचा तो प्रसिद्ध उतारा. त्याच्या इतिहासाच्या १८ व्या भागात येशूबद्दल जे आहे त्यात ख्रिस्ती नकलकारांनी भर घातली, हे ख्रिस्ती अभ्यासकही मान्य करतात. तो जसाच्या तसा पुरावा म्हणून देऊ नका. २० व्या भागात येशूचा भाऊ याकोब याचा उल्लेख आहे, तो बहुतेक अभ्यासक अस्सल मानतात. आणि रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ११६ च्या सुमारास लिहिलेला उताराही आहे: रोमन सुभेदार पिलाताच्या हुकमाने ख्रिस्ताला देहान्त शासन झालं. ख्रिस्ती लोकांबद्दल त्याला जराही प्रेम नव्हतं, म्हणून त्याच्या साक्षीला वजन आहे.

पानोपानी:
दादा, तुमचा पहिला मुद्दा पूर्ण मान्य. लवकरची साक्ष आणि खरी साक्ष यांत अंतर आहे, आणि ते अंतर तर्काने ओलांडावं लागतं. भास झाला, देह चोरला, कथा वाढत गेली, अशी जी स्पष्टीकरणं दिली जातात ती एकेक घेऊन सगळ्या माहितीला लावून बघायची. पौल तर छळ करणाऱ्यांपैकी होता, त्याचं काय? येशूच्या हयातीत त्याच्यावर विश्वास न ठेवणाऱ्या याकोबाचं काय? शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनी रिकाम्या कबरेच्या पहिल्या साक्षीदार स्त्रिया का दाखवल्या? त्या काळी स्त्रीच्या साक्षीला मान नव्हता, जोसेफसच तसं लिहितो. दुसऱ्या शतकात ख्रिस्ती धर्माचा टीकाकार सेल्सस याने ख्रिस्ती लोकांची खिल्ली उडवली तीही याच मुद्द्यावरून. रचायचंच असतं तर कुणी असे साक्षीदार निवडले नसते.

चमत्कार होऊच शकत नाही असं आधीच ठरवलं असेल, तर कोणताही पुरावा अपुराच पडणार. तत्त्वज्ञ ह्यूमने १७४८ मध्ये चमत्कारांविरुद्ध मांडलेला युक्तिवाद मुलांना जरूर वाचायला द्या. त्यांना तो पुढे कुठेतरी भेटणारच आहे, तुमच्यासोबत बसून भेटलेला बरा.

तारांगण:
विज्ञानाच्या प्रश्नावर लिहितो. मी भौतिकशास्त्र शिकवतो आणि दर रविवारी उपासनेलाही जातो.

मुलांना जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट सांगा. बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनी १९२७ मध्ये गणिताने मांडलं आणि १९३१ मध्ये आद्य अणूची कल्पना दिली, पुढे जिला महास्फोट म्हणू लागले. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी एका भाषणात असं सुचवलं की हे नवं विश्वविज्ञान निर्मितीच्या शिकवणीला पुष्टी देतं. लमेत्र यांना ते रुचलं नाही. आपला सिद्धान्त देवाच्या बाजूने किंवा विरुद्ध वापरू नये, या मताचे ते होते. धर्मगुरू असूनही हातात आलेला सोपा पुरावा त्यांनी नाकारला, कारण विज्ञानातला सिद्धान्त उद्या बदलू शकतो आणि मग त्यावर टेकलेला विश्वासही कोसळतो. या वृत्तीबद्दल मला नितांत आदर आहे.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाबद्दल मुलांना वाटतं की तो शब्दशः न घेणं ही आधुनिक माघार आहे. तसं नाही. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनने पाचव्या शतकातच त्या सहा दिवसांवर खल केला होता. निसर्गाबद्दल ख्रिस्ती माणूस बायबलच्या नावाने चुकीचं बोलू लागला तर ऐकणारे पुनरुत्थानाबद्दलही त्याचं ऐकणार नाहीत, असं त्याने बजावलं होतं. डार्विनच्या कितीतरी शतकं आधी.

गॅलिलिओचा विषय निघेल. निघाला तर सारवासारव करू नका. १६३३ ची शिक्षा अन्यायाचीच होती, आणि चर्चने आपली चूक १९९२ मध्ये जाहीरपणे मान्य केली.

कृपासावली:
शुभदा, मी बरीच वर्षं पाळकीय काम करते. त्या मुलीबद्दल लिहिते.

वाईट आणि दुःख यांवर तत्त्वज्ञानात चांगलं काम झालंय. जे. एल. मॅकी यांनी १९५५ मध्ये म्हटलं की सर्वशक्तिमान, सर्वथा चांगला देव आणि वाईट या दोन्ही गोष्टी एकत्र मानणं विसंगत आहे. आल्विन प्लॅंटिंगा यांनी १९७० च्या दशकात इच्छास्वातंत्र्याच्या आधारे दाखवलं की त्यात तार्किक विसंगती नाही. गटात चर्चा निघाली तर हे उपयोगी पडेल. पण त्या मुलीला हे सांगू नकोस, बाई. तिने तर्काचा प्रश्न विचारलेलाच नाही.

ख्रिस्ती लेखक सी. एस. लुइस यांची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाच. 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' १९४० चं. त्यात दुःख असूनही देव चांगला कसा, याची नीटस मांडणी आहे. पत्नी गेल्यावर त्यांनी टिपणं लिहिली, ती 'अ ग्रीफ ऑब्झर्व्ड' म्हणून १९६१ मध्ये टोपणनावाने आली. त्यात तोच माणूस देवाच्या दारावर धडका मारतोय, आतून काही ऐकू येत नाही म्हणून तळमळतोय. विश्वास सुटला नाही, पण सोपं उत्तरही उरलं नाही. मुलीला वाचायची इच्छा झाली तर दुसरं दे. आत्ताच देऊ नकोस.

बायबलमधला ईयोब सगळं गमावून दुःखात पडला, तेव्हा त्याच्या मित्रांनी एकच गोष्ट बरोबर केली. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कुणी शब्द काढला नाही. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर. शेवटच्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावतो, आणि देवाला जाब विचारणारा ईयोब नीट बोलला असं म्हणतो. ८८ वं स्तोत्रही पाहा, ते अंधारातच संपतं. अशी प्रार्थना पवित्र शास्त्रात ठेवलेली आहे, हे त्या मुलीला कळू दे. रागावण्याने ती मंडळीबाहेर पडत नाही.

शुभदा_एम:
सगळ्यांचे मनापासून आभार, निरीश्वर दादा, तुमचेही. कृपाताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. एक शंका राहिली. गटातले दोघे-तिघे वादात जिंकायलाच बसतात. त्यांना आणखी मुद्दे दिले तर ते कॉलेजात मित्रांवर तुटून पडतील, ही धास्ती आहे.

पानोपानी:
मग प्रेषितांची कृत्ये, १७ वा अध्याय घ्या. अथेन्समध्ये पौल आधी शहर फिरून बघतो, त्यांच्या वेदीवरचा लेख वाचतो, त्यांच्याच कवीची ओळ उद्धृत करतो. एवढं करूनही काही हसतात, काही "पुन्हा ऐकू" म्हणतात, थोडेच विश्वास ठेवतात. आणि तो तिथून निघून जातो. १ पेत्र ३:१५ सगळ्यांना पाठ असतं, पण उत्तर द्यायला तयार राहा इथवरच. पुढे सौम्यतेने आणि आदराने द्या असंही आहे, तेवढं त्यांच्याकडून पाठ करून घ्या.

निरीश्वर_वाचक:
शुभदाताई, या दोघा-तिघांना एक काम द्या. बैठकीत माझ्यासारख्याची बाजू त्यांनी मांडायची, आणि अशी मांडायची की मी समोर असतो तर "हो, मला हेच म्हणायचं होतं" असं म्हणालो असतो. ते जमल्यावरच त्यांना उत्तर द्यायला लावा.

कृपासावली:
हे नक्की कर, शुभदा. पण त्या मुलीच्या प्रश्नावर नको. तिला बैठकीच्या आधी एकटीला भेट, आणि आईबद्दल विचार.