घड्याळ पाण्यात मुकं होतं
'स्मार्ट घड्याळात गाणी मावतात, मग गाण्यांसाठी वेगळा प्लेअर कशाला?' असा प्रश्न चर्चेत निघालाय. धावणाऱ्यांपुरतं मान्य. पण अ‍ॅपलच्या आयपॉड या म्युझिक प्लेअरचा जीव घड्याळाने नाही, फोनने घेतला. २०२२ साली तो बंद झाला तेव्हा खिशात फोन कधीचाच होता. उलट २०१० चा चौकोनी आयपॉड नॅनो लोक पट्टा लावून मनगटावर बांधायचे, वायर बाहीतून कानापर्यंत!

पोहणाऱ्यांचं कुणी बोललंच नाही. माझं घड्याळ ५० मीटर वॉटरप्रूफ, गाणी भरलेली, कानात वॉटरप्रूफ ब्लूटूथ बड्स. पहिला हात मारला आणि गाणं गप्प. हात वर आला की अर्धी ओळ, पुन्हा गप्प. वाटलं बड्स गंडले. दोष त्यांचा नव्हताच: ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, काही सेंटीमीटरपुढे त्या टिकत नाहीत. आता कानामागे बसणारा, हाडातून आवाज पोचवणारा हेडसेट वापरतो. मेमरी त्यातच. कॉम्प्युटरला केबल लावून एमपी३ फाइली कॉपी करायच्या, अगदी २००५ सारख्या. घड्याळ फक्त फेऱ्या मोजतं, तेही कधीकधी एखादी खातं.