विषय: शनिवारची मागची खोली आणि ढोल

प्रेषक: वाचनालय
मंडळी, शनिवारी 10 ते 11 हॉलमध्ये ढोल नको, ही चौथी आठवण. मधली भिंत किती पातळ आहे ते कोजागरीला सगळ्यांनी ऐकलंय. मागच्या खोलीत लॅपटॉपवर ऑनलाइन व्यायाम करणाऱ्याला शांतता हवी. किल्ली माझ्याकडेच राहील.

प्रेषक: ढोलपथक
ताई, हॉल पाडव्यापासून आमच्या नावावर आहे. मिरवणूक तीन आठवड्यांवर आली, नवी पोरं अजून ठेका सोडतात. ऑनलाइनच आहे ना? मग घरी बसून होईल की. हेडफोन नावाची वस्तूही मिळते म्हणे.

प्रेषक: अळूवड्यांच्या काकू
आडपडदा नको म्हणून लिहितेच. माझ्या लेकाला स्किझोफ्रेनिया आहे. भास औषधांनी आटोक्यात आले. राहिलं ते वेगळंच. समोरचा चिडलाय की थट्टा करतोय, हे त्याला चटकन उमगत नाही. दुकानात कोणी हसलं तरी आपल्यालाच हसले असं वाटतं. त्यासाठी हे व्यायाम आहेत. पडद्यावर चेहरा क्षणभर दिसतो, मग बाकीच्यांतून त्याच भावाचा चेहरा शोधायचा. जमायला लागलं की चेहरा आणखी कमी वेळ दिसतो. कधी नुसतं वाक्य ऐकून बोलणाऱ्याचा सूर ओळखायचा. आता सांगा, सूर ओळखायचाय आणि भिंतीपलीकडे ढोल! हेडफोन आहेत हो. दणका टेबलातून येतो. आणि घरी तो खोलीबाहेर पडत नाही. वाचनालयात आला की ताईंशी दोन वाक्यं बोलतो. मला ती दोन वाक्यंही हवीत.

प्रेषक: डॉक्टरताई
काकू, बरं केलंत लिहिलंत. समोरच्याचे भाव, हेतू ओळखण्याच्या या समजेला सोशल कॉग्निशन म्हणतात. ती वाढवणाऱ्या सोशलव्हिल नावाच्या अशा कॉम्प्युटर खेळांची 2014 मधली पहिली चाचणी छोटी होती: 17 रुग्ण, 24 तासांचा सराव. 2021 मध्ये मोठी चाचणी छापून आली. एका गटाला हे खेळ, दुसऱ्याला साधे कॉम्प्युटर गेम. पहिल्या गटात ही समज सुधारली, रोजचे व्यवहार करण्याच्या क्षमतेत मात्र तसा फरक दिसला नाही. त्यामुळे ती दोन वाक्यं सोडू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात डेव्हिड पेन आणि सहकाऱ्यांनी बसवलेला एससीआयटी हा याच समजेच्या सरावाचा कार्यक्रम तर गटातच चालतो. औषधं अर्थातच चालू ठेवायची.

प्रेषक: नाना
चेहरे अमेरिकन असतील तर आपल्या माणसांचं काय? आमचे अण्णा स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही रागावलेले दिसतात.

प्रेषक: डॉक्टरताई
नाना, हसू नका, प्रश्न खरा आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत सोक्रॅटिस ही अशी समज मोजण्याची साधनं भारतीय प्रसंगांना धरून बेतली, 2011 मध्ये. मावशी-आत्याच्या घरात कोण टोमणा मारतंय हे परक्या गोष्टीवरून कसं कळणार?

प्रेषक: नाना
सांगलीला आमच्या एका काकांना सगळे 'विक्षिप्त' म्हणून मोकळे व्हायचे. जेवणाचं ताटसुद्धा माडीवर जायचं. असो. कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉ. जगन्नाथ वाणींनी परदेशात राहून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. आपल्याला एक तास एक खोली जड होते?

प्रेषक: खजिनदार
खोली जड नाही, किल्ली जड आहे. मागे किटली रात्रभर चालू राहिली होती, कोण ते लिहीत नाही. मंडळाची किल्ली समितीकडेच हवी.

प्रेषक: वाचनालय
किटली नाटकवाल्यांची होती.

प्रेषक: ढोलपथक
काकू, माहीत नव्हतं, चुकलं. शनिवारी 11:15 ला सुरू करतो. तोवर लेझीम पार्किंगमध्ये. गाडीतून ढोल उतरवताना थोडा आवाज होईल, तेवढा चालवून घ्या.

प्रेषक: काकूंचा लेक
मीच तो. दादांचा पहिला मेल रागाचा की थट्टेचा, दोनदा वाचूनही ठरेना. आईला विचारलं, तिलाही सांगता येईना. 10 ला येतो. किल्ली कोणाकडे आहे?

प्रेषक: वाचनालय
माझ्याकडे. पहिल्याच मेलमध्ये लिहिलंय.