शिवणाची कात्री सामाईक असू नये

टाकेदोरे:
काल एका सदस्याने लिहिले की, पत्नीने शिवणाच्या कात्रीला लाल फीत बांधून "हिला हात लावायचा नाही" असे बजावले, तेव्हा त्यांना स्वतःच्याच घरात परके झाल्यासारखे वाटले. नवरा-बायकोत 'माझे-तुझे' आले की संसाराला तडा जातो, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्याखाली 'अगदी मनातले बोललात' म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. मला त्या रांगेत उभे राहता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कापडाच्या कात्रीची पाती सबंध लांबीभर एकमेकांना टेकलेली नसतात. त्यांना किंचित बाक दिलेला असतो आणि कात्री मिटत जाते तसा त्यांच्या स्पर्शाचा बिंदू मुळापासून टोकाकडे सरकतो. कापड कापले जाते ते या सरकत्या बिंदूवर. कागदात बहुधा चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेटची पूड घातलेली असते आणि ती धार घासून काढते; चिकटपट्टीचा डिंक पात्यांवर बसतो तो वेगळाच. अशा कात्रीने सुती कापड कसेबसे निभावते, पण जॉर्जेट किंवा तलम रेशीम कापले न जाता पात्यांमध्ये दुमडून अडकते. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला ऐन गळ्याच्या वळणावर अशी चिमटी बसली आणि दोरे ओढले गेले. ते कापड पैठणीला जोडूनच विणलेले होते, त्यामुळे तसे दुसरे मिळण्याचा प्रश्नच नव्हता. आदल्या रात्री आमच्या घरात त्याच कात्रीने कुरिअरचे खोके उघडले गेले होते. फीत बांधणाऱ्या त्या बाईंना मी दोष देणार नाही.

गिरणगावकर:
ताई, आपले नुकसान झाले हे खरे, पण त्यावरून संसाराचा नियम काढू नये. मी बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत वाढलो. आमच्याकडे एकच कात्री होती. तिनेच आई झबली-टोपडी बेतायची आणि तिनेच आम्ही पतंगाचा कागद कापायचो. १९८२ च्या संपात वडिलांचा पगार थांबला, तेव्हा आईने माहेरून आलेले शिलाई मशीन स्वतः विकायला काढून दिले. 'हे माझे आहे' असे ती म्हणाली असती, तर आम्ही काय खाल्ले असते? हल्ली दोन पगार आणि दोन खोल्या आल्या म्हणून प्रत्येक वस्तूवर नाव घालण्याची हौस सुचते.

माहेरवाशीण:
गिरणगावकर, आपल्या आईंविषयी पूर्ण आदर ठेवून विचारते: मशीन विकू नये असे त्यांना वाटत असते, तर ते बोलून दाखवायची सोय त्या घरात होती का? हा प्रश्न मी माझ्या अनुभवातून विचारते आहे. माझे मशीन नणंदेच्या लग्नाच्या खर्चासाठी विकले गेले आणि मला ते माहेरपणाहून परतल्यावर कळले. "घरातलेच तर होते" एवढेच उत्तर मिळाले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की, स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता असते आणि ती सासरच्या उंबऱ्याच्या आत आली म्हणून सामाईक होत नाही.

गिरणगावकर:
माझ्या आईला यात ओढू नका. ती हयात नाही आणि तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला नाही. कात्रीची चर्चा तुम्ही न्यायालयात नेलीत. संपाच्या काळात गिरणगावातल्या बायकांनी दागिने मोडले, भांडी विकली, खानावळी चालवल्या. ते सगळे जबरदस्तीने झाले असे म्हणणे हा त्यांचा अपमान आहे.

माहेरवाशीण:
मी जबरदस्ती म्हटलेले नाही. विचारले होते का, एवढेच म्हटले. संकटकाळी पतीने स्त्रीधन वापरले तरी ते किंवा त्याचे मोल परत करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य आहे, असे २०२४ मध्येही न्यायालयाने नमूद केले आहे. संप संपल्यावर त्या घरात पुन्हा मशीन आले का, हे आपण सांगितले नाहीत.

गिरणगावकर:
आले नाही. गिरणीच परत सुरू झाली नाही, तर मशीन कुठून येणार?

पटाशी:
दोघांनीही मूळ प्रश्नाकडे यावे अशी विनंती आहे. मालकी कुणाची, हा मुद्दा इथे दुय्यम आहे. मी घरी सुतारकाम करतो. माझी पाऊण इंची पटाशी पत्नीने फ्रीजमधला बर्फ फोडायला घेतली आणि धारेचा एक कोपरा उडाला. तो खाचा जाईपर्यंत सगळी धार दगडावर मागे घासत न्यावी लागली; त्यात एक रविवार गेला. टेस्टरची गोष्ट तर धोक्याची आहे. डब्यांची झाकणे उचकटून त्याची मूठ तडकते, आतला रोधक किंवा निऑन दिवा निकामी होतो, आणि मग तारेत वीज असतानाही दिवा लागत नाही. अशा टेस्टरवर विसंबून हात घालणाऱ्याचे काय होईल, याचा विचार प्रेमाच्या नावाने 'सगळे सगळ्यांचे' म्हणणाऱ्यांनी करावा.

परिचारिका:
रेझर आणि टूथब्रशचा उल्लेख कुणीच केला नाही. दोघांपैकी एकाला हिपॅटायटिस बी असेल आणि त्याला ते ठाऊक नसेल, तर पात्यावरचा न दिसणारा रक्ताचा अंशही पुरतो. तो विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकतो. लस घेतलेली असली तरी रेझर वेगळाच हवा, कारण हिपॅटायटिस सी वर लस नाही.

गिरणगावकर:
रेझर आणि टेस्टर मान्य करतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. कात्रीबाबत माझे मत बदललेले नाही. धार गेली तर ती लावून आणता येते. त्यासाठी घरच्या माणसाला 'हात लावू नकोस' म्हणणे मला पटत नाही.

टाकेदोरे:
धार लावून आणता येते, पण रस्त्यावरच्या चाकावर पात्याचा कोन आणि बाक दोन्ही बिघडण्याची भीती असते, म्हणून मी कात्री तिथे देत नाही. आणि हा नियम मला एकतर्फी नको आहे. पटाशींच्या घरी पटाशीला जे लागू, तेच माझ्या घरी बिडाच्या तव्याला लागू आहे. तो यजमानांचा आहे, घावने तेच घालतात. तेल तापून तापून त्यावर जो काळा थर बसला आहे, तो चिंचेच्या किंवा टोमॅटोच्या आंबटाने सुटतो आणि ओला राहिला तर सकाळपर्यंत गंज धरतो. म्हणून टोमॅटोचे ऑम्लेट मी निर्लेपवर करते आणि तो तवा कधी साबणात भिजत टाकत नाही.

गिरणगावकर:
बिडाच्या तव्याचे बरोबर आहे; आमच्या आईचाही वेगळा असे. पार्सलसाठी दुसरी कात्री आणीन, पण भाजीची सुरी आमच्याकडे सामाईकच राहील.

टाकेदोरे:
सुरी खुशाल सामाईक ठेवा. फक्त ती काचेच्या पाटावर चालवू नका.