विट्यात वडिलांचं चपलांचं दुकान पुन्हा उभं करतोय, नुसत्या हातकामावर घर चालेल का?

विट्याचा पोरगा:

नमस्कार मंडळी. वय 29, गाव विटा. वडिलांचं एसटी स्टँडच्या जवळ आठ बाय दहाचं भाड्याचं दुकान आहे. पुढं दुरुस्ती, आत कोल्हापुरी पद्धतीच्या नवीन जोडांचं काम. मी पाच वर्षं चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होतो. गेल्या दिवाळीत वडिलांचा उजवा अंगठा वळेनासा झाला. चाळीस वर्षं रापी, म्हणजे कातडं कापायची पाती, धरलेला अंगठा. डॉक्टर म्हणाले, आता हाताला जोर देऊ नका. मी दोन महिन्यांची सुट्टी म्हणून आलो आणि परत गेलोच नाही.

लहानपणी शाळा सुटल्यावर दुकानात बसायचो, त्यामुळं टाके, टाच, पट्टा बदलणं हे हाताला ठाऊक होतं. नवीन जोड मात्र आता शिकतोय. वडील खुर्चीत बसून सांगतात, मी करतो. तळ भिजवायचा, दगडावर ठोकायचा, पत्र्याचा नमुना ठेवून रापीनं कापायचा, बाजूचे कान लावायचे, पट्टा, पायाचा अंगठा अडकवायचा गोल, वेणी, आणि शेवटी सगळं वादीनं, म्हणजे कातड्याच्याच बारीक दोरीनं, शिवायचं. खिळा मारायचा नाही, हे त्यांचं पहिलं वाक्य. त्यांचे दिवसाला दोन जोड व्हायचे, मला एकाला दीड दिवस लागतो.

आता हिशेब मांडतो, कारण तोच विचारायचा आहे. एका जोडाला तळाचं कातडं, वरचं कातडं, वादी, तेल धरून साडेपाचशेच्या आसपास माल जातो. ठोक घेणारा साडेसातशे देतो, म्हणजे हातात दोनशे. दुरुस्ती सांभाळून महिन्याला बारा जोड होतात, त्याचे 2,400. दुरुस्तीचे दिवसाला तीनशे धरले तर सव्वीस दिवसांचे 7,800. दुकानाचं भाडं 1,500 वजा केलं की 8,700 उरतात. चाकणला साडेसोळा हजार मिळत होते, खोलीभाडं देऊन साडेबारा.

थेट गिऱ्हाइकाला 1,400 सांगितले की समोरचा म्हणतो, "स्टँडच्या पलीकडं साडेतीनशेला मिळते की." ती रेक्झिनची असते, पण दिसायला सारखी दिसते. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि गाजावाजा झाला, तेव्हा महिनाभर लोक दुकानात येऊन हातात घेऊन बघायचे, फोटो काढायचे. वडील सांगतात की त्या महिन्यात घेतली ती तिघांनीच.

दुसरी अडचण कातड्याची. एकेक कातडं सुटं घेतलं की महाग पडतं आणि व्यापारी उरलेलं गळ्यात घालतो. मागच्या वेळी आणलेलं भिजवल्यावर मधून थरच सुटला. वडिलांनी ते हातात घेतलं, काही बोलले नाहीत, बाजूला ठेवलं. मला फार लागलं ते.

आणि एक सांगून टाकतो. शाळेत कुणी विचारलं की मी "वडिलांचं दुकान आहे" एवढंच म्हणायचो, कसलं ते सांगायचो नाही. आता लग्नाची बोलणी दोन ठिकाणी थांबली, "पोरगा कंपनी सोडून त्या कामात परत गेला" म्हणून. मला काम आवडतं. पहिला जोड पूर्ण झाला त्या रात्री मी तो उशाशी ठेवून झोपलो होतो. पण आवडीवर घर चालत नाही. सांगली-साताऱ्याकडं जे यावर जगतात त्यांनी खरं काय ते सांगावं.

कराडचे काका:

(मी बोलतोय, मुलगा लिहून घेतोय.)

बाळा, आधी वडिलांना माझा नमस्कार सांग. अंगठ्याला गरम तेलानं रोज चोळ, ते स्वतः चोळून घेणार नाहीत.

थर सुटला म्हणतोस, तर ते कातडं आतपर्यंत कमावलेलंच नव्हतं. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कातडं आठवडेच्या आठवडे राहावं लागतं, तेव्हा तो रस आतपर्यंत मुरतो. घाई केली की वरून रंग येतो, मधे कच्चं राहतं. घेताना कडेला रापीनं बारीक काप दे आणि कापलेली बाजू उजेडात धर. वरपासून खालपर्यंत एकच रंग दिसला तर घे. मधोमध फिकट पांढरी रेघ दिसली तर कितीही स्वस्त असो, ठेवून ये. काप देऊ देत नाही तो व्यापारी आपला नव्हे.

दुसरं, कातड्याचा कुठला भाग कुठं जातो ते पक्कं कर. पाठीचं घट्ट असतं, ते तळाला. पोटाकडचं ढिलं, ताणतं, ते तळाला लावलंस तर चार महिन्यांत चप्पल पसरते आणि गिऱ्हाईक तुला नावं ठेवतं. पोटाकडचं टाचेच्या आतल्या थराला, छोट्या तुकड्यांना वापर. मी शिकलो तेव्हा बैलाचं कातडंही मिळायचं. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर सगळं म्हशीचंच. म्हशीचं जाड असतं, भिजवायला जास्त वेळ दे, ठोकायला कंटाळू नकोस.

एकट्यानं घेऊ नकोस. आम्ही कराडचे दोघं, इस्लामपूरचा एक आणि उंब्रजचा एक असे चौघं मिळून माल उचलतो. टेम्पोचं भाडं वाटून, कातडी जमिनीवर पसरून, ज्याला जे लागतं ते ज्यानं त्यानं घ्यायचं. इस्लामपूरचा बेल्ट करतो, त्याला लांबीत लागतं. मला तळाला पाठ लागते. भांडण होत नाही असं नाही, पण गेली नऊ वर्षं टिकलंय. पुढच्या वेळी तू ये. पैसे पुरे नसतील तर अर्ध्या कातड्याचे दे.

दुरुस्ती सोडू नकोस. नवे पोरगे दुरुस्तीला कमी समजतात. माझ्या घरचा किराणा आजही दुरुस्तीवर येतो, नवीन जोडावर मुलांची शिक्षणं झाली. आणि दुरुस्तीला आलेली चप्पलच सांगते की कुठं काय तुटतं. फुकटची शाळा आहे ती.

तुझ्याकडं आणखी एक काम आहे ते तुला दिसत नाही. विट्यापासून खरसुंडी किती लांब? सिद्धनाथाच्या यात्रेला खिलार बैलांचा बाजार भरतो. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत भरतो. 2023 ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीचा कायदा मान्य केल्यापासून शौकीन लोक बैलाच्या साजावर हात राखून खर्च करत नाहीत. घुंगरांचे चामडी पट्टे करायला शीक. पट्ट्यात भावाची घासाघीस कमी होते, कारण तो माणूस स्वतःसाठी घेत नसतो, बैलासाठी घेतो. माझ्या वडिलांनी मोटा शिवल्या, विहिरीचं पाणी काढायच्या चामडी. ते काम गेलं तेव्हा आमच्या घरात दोन वर्षं रडारड होती. मग पट्टे आले. काम रूप बदलतं, हात तोच राहतो.

लग्नाचं बोललास. ज्यांनी बोलणी थांबवली त्यांच्या घरात तुझा जोड कधी गेला नसेल. त्याचा राग धरू नकोस. आमच्या वेळी लोक पैसे वरून टाकायचे हातावर. मी ते बघितलंय. म्हणून सांगतो, दुकानावर मोठा बोर्ड लाव, वडिलांचं नाव लिही आणि खाली "हातानं शिवलेल्या चपला" असं लिही.

सांगली गावभाग:

मी पिशव्या आणि पाकिटं करते, बारा वर्षं झाली. मी चर्मकार समाजातली नाही, हे आधी सांगते, कारण पुढचं बोलणं त्याशिवाय अपुरं राहील.

मी कातडं शिकले मिरजेत, तबल्याच्या पुड्या (वरचं चामडं) करणाऱ्या एका मामांकडे. मला वादी कापायला शिकायची होती. त्यांनी एक गोल तुकडा घेतला, कडेपासून सुरू केलं आणि फिरवत फिरवत आतपर्यंत एकच सलग वादी काढली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत रुंदी तीच. मला ते जमायला आठ महिने लागले. त्यांनी एक पैसा घेतला नाही.

तर मी पुण्याच्या प्रदर्शनात तीच वादी लावलेली पिशवी 2,800 ला विकते आणि लोक कौतुक करतात. ज्यांच्याकडून मी शिकले त्यांच्याशी मात्र शंभर रुपयांसाठी घासाघीस होते. हात त्यांचा माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. मला इंग्रजी बोलता येतं, माझं आडनाव वेगळं आहे, मी टेबलावर पांढरं कापड टाकते, एवढाच फरक. हे मला दर प्रदर्शनात टोचतं. म्हणून आता त्यांच्या मुलाला टेबलाचं अर्धं भाडं घेऊन शेजारी बसवते आणि गिऱ्हाइकाशी त्यालाच बोलायला लावते.

तुझ्या हिशेबात एक गोष्ट नाही: तुझे तास. दीड दिवसाच्या कामाला दोनशे रुपये मिळतात, म्हणजे तू ठोकवाल्याला मजुरी दान करतो आहेस. महिनाभर वहीत लिही, तळ कापायला किती, वेणीला किती, शिवायला किती. मला कळलं की माझा निम्मा वेळ कडा घासण्यात जातोय. दगड बदलला, तो वेळ निम्म्यावर आला. ठोकचं काम एकदम बंद करू नकोस, पण बारापैकी चार जोड तरी थेट विकायचे असं ठरव. 1,400 मधून माल वजा जाता साडेआठशे. चार जोडांना 3,400, म्हणजे बारा ठोक जोडांपेक्षा जास्त.

रेक्झिनवाल्याशी तोंडी वाद घालू नकोस. दुकानात एक अर्धा शिवलेला जोड ठेव, थर दिसतील असा. माणसाच्या हातात दे. वासावरून आणि वजनावरून त्याला कळतं.

मदतीचं म्हणशील तर ऑगस्ट 2019 सांगते. कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं तेव्हा माझ्या घरात छातीपर्यंत होतं. कातडी कुजली, नमुने वाहून गेले, शिलाई मशीन चिखलात. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी मिरजेचे मामा आले, पिशवीत दोन रापी, एक आरी, मेणाचा गोळा आणि स्वतःचे जुने नमुने. म्हणाले, "हे ने, मशीन होईपर्यंत हातानं शिव." त्या महिन्यात माझ्या ऑर्डरी तीन वेगवेगळ्या कारागिरांनी वाटून घेतल्या आणि पैसे मला आणून दिले. तेव्हापासून आमचा अकरा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. कुणाला माप नाही जमलं, कुणाकडे बक्कल संपलं, कुणाचं पेमेंट अडकलं, सगळं तिथं येतं. नियम एकच, दुसऱ्याचं गिऱ्हाईक भाव पाडून ओढायचं नाही. तुला जोडून घेते.

साताऱ्याहून:

भावा, घाईत लिहितोय, कामाचं तेवढं.

पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर 2023 पासून) 18 व्यवसाय आहेत, त्यात चर्मकार आणि पादत्राणं करणारे येतात. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, रोज 500 रुपये भत्ता, हत्यारांसाठी 15,000, आणि 5 टक्के व्याजानं पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत, फेड 18 महिने. ते फेडलं की दुसरं 2 लाखांपर्यंत. घरातल्या एकालाच मिळतं, त्यामुळं वडिलांच्या नावावर की तुझ्या, हे आधी ठरवा. अंगठ्याचं बघता तुझ्याच नावावर कर. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या जिल्हा कार्यालयातही एकदा जाऊन ये.

"कोल्हापुरी" म्हणायला विट्यातल्या माणसानं बिचकायचं कारण नाही. या नावाच्या भौगोलिक मानांकनात (हे नाव कुठल्या भागातल्या मालाला लावता येतं त्याची नोंद) आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करता येते, ती कर.

आणि एक इशारा. मी महाबळेश्वरच्या दुकानांना माल द्यायचो. हंगामात भराभर उचलतात, पैसे मात्र "सीझन झाल्यावर". एकानं 60 जोडांचे पैसे पावसाळाभर लटकवले, अर्धे जोड परत दिले, तेही फिक्के पडलेले. आता मी निम्मे रोख घेतल्याशिवाय गाडीत माल ठेवत नाही. उधारीनं हातकाम करणारा माणूस मरतो.

चाकणवाला:

राग मानू नका सगळे, पण मी त्याच्यासारखाच कंत्राटी आहे. माझे वडीलपण हेच काम करायचे. साडेसोळा हजार सोडून आठ हजारावर येणं मला पटत नाही. वडिलांनी मला त्या दगडापासून लांब ठेवायला आयुष्य घातलं.

कराडचे काका:

तुझ्या वडिलांनी बरोबर केलं. तू नोकरी कर, त्यात कमी काही नाही. हा पोरगा मात्र जोड उशाशी घेऊन झोपतो म्हणतोय. त्याला नको म्हणायचं माझ्या तोंडून होणार नाही. पण पोरा, एक वर्षाची मुदत घाल. वर्षात महिना चौदा हजारावर आला नाहीस तर परत विचार कर, आणि तेव्हा मीच तुला जा म्हणेन.

विट्याचा पोरगा:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच आठवड्यांनी लिहितोय.

कराडला जाऊन आलो. काकांनी कातडी पसरली तेव्हा मी मागं उभा होतो, तर पाठीचा तुकडा त्यांनी स्वतः उचलून माझ्या बाजूला ठेवला. तीन कातड्यांना काप देऊन बघितला, एकात पांढरी रेघ सापडली, ते परत केलं. घरी आणल्यावर वडिलांनी डाव्या हातानं दाबून पाहिलं आणि "हे कातडं" एवढंच म्हणाले.

वही लिहितोय. वेणीला सगळ्यात जास्त वेळ जातो, सव्वादोन तास. या महिन्यात थेट पाच जोड गेले, त्यातले दोन ग्रुपमधल्या ताईंनी पाठवलेल्या गिऱ्हाइकांना. खरसुंडीच्या एका बैलवाल्यानं घुंगरांच्या पट्ट्यांची जोडी सांगितली आहे, मला येत नाही हे त्याला सांगितलं, तो थांबतो म्हणाला. पुढच्या रविवारी काकांकडं शिकायला जातोय. विश्वकर्माचा अर्ज माझ्या नावानं भरला. बोर्डही रंगवायला टाकलाय.

एक विचारायचं राहिलं. जून जवळ आलाय. उरलेलं अर्धं कातडं दुकानात कसं ठेवू? मागच्या पावसाळ्यात वडिलांच्या तळांवर बुरशी आली होती.

कराडचे काका:

प्लॅस्टिकात गुंडाळू नको, भिंतीला टेकवू नको. आडव्या बांबूवर टाक, खालून वरून वारा लागला पाहिजे. उघडीप मिळाली की सावलीत बाहेर काढ, उन्हात घालू नकोस, तडकतं. पांढरं दिसलं तर ओल्या नव्हे, कोरड्या फडक्यानं पुस आणि मग तेलाचा हात दे. रविवारी येताना तो तुकडा घेऊन ये, बघतो.