गोवा–मुंबई: अंतर ४२५ किमी, मग सव्वा तास कशाला?

प्रश्न असा की ताशी ८०० किमी वेगाने विमानाचे ४२५ किमी अर्ध्या तासात व्हायला हवेत, मग तिकिटावर सव्वा तास का? मुळात ४२५ हे दाबोळी (गोव्यातला जुना विमानतळ) ते मुंबई सरळ रेषेतलं अंतर. मोपा हा गोव्यातला दुसरा, नवा विमानतळ उत्तरेला असल्याने तिथून ते साधारण ३८५ भरतं. पण हे ४० किमी वेळापत्रकात फारसे दिसतच नाहीत.

तिकिटावरची वेळ म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत जागेवर थांबेपर्यंतची. प्रत्यक्ष हवेत ४५ ते ५५ मिनिटं. एवढ्या छोट्या टप्प्यात विमान चढतं आणि लगेच उतरायला लागतं, पूर्ण वेग जेमतेम काही मिनिटं मिळतो. एटीआर (पंख्यांचं छोटं विमान) असेल तर तिचा वेगच ताशी ५०० किमीच्या आसपास, म्हणजे आणखी उशीर. खरा वेळ मुंबईत जातो: तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. गर्दीत घिरट्या माराव्या लागतात, पावसाळ्यात जास्तच. कंपन्या ही मिनिटं आधीच धरून ठेवतात, म्हणून विमान कधीकधी 'लवकर' पोचतं.

माझ्या मते हवेतल्या मिनिटांपेक्षा रस्ता मोजा. मडगावहून दाबोळी पाऊण तास, मोपा मात्र दीड तास धरा. मोपाजवळच्या पेडण्यात राहणाऱ्यांचं गणित नेमकं उलट. आणि तिकिटावरचा कोड नीट वाचा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. चुकीच्या विमानतळावर पोचलात तर दुसरा गाठेपर्यंत काउंटर बंद झालेलं असतं.