मसाई लोक ढोरं घेऊन उन्हाळा कसा काढतात?

गवळाऊवाला (कारंजा घाडगे): भाऊ लोक, आमच्याकडं गवळाऊ जातीच्या गायी हायेत, फेब्रुवारी लागला का चारा संपते, ई-क्लासवर (गावच्या सरकारी चराईच्या जमिनीवर) सगळं अतिक्रमण अन् गायकी (ढोरं चारणारा) म्हणून यायले पोरं तयार नाही. मोबाईलवर केनियातल्या मसाई लोकाईचा व्हिडिओ पायला, लाल कपडे, हातात काठी अन् मागं शे-दीडशे ढोरं. तिकडंही दुष्काळ पडते, मंग हे ढोरं जगवतात कसे? अन् रक्त पितात हे खरं हाय का?

वरूडचा मास्तर: खरं आहे पण रोज नाही. गाय मारत नाहीत, मानेची शीर दोरीनं आवळून बोथट बाणानं थोडं रक्त काढतात अन् जखम बंद करतात. बाळंतीण, आजारी माणूस, सुंता झालेला पोरगा, यांना देतात. मुख्य म्हणजे दूध, आता मक्याच्या पिठाची उगालीही रोजचीच झाली.
दुष्काळाचं उत्तर फिरण्यात आहे. पावसाळ्यात मोकळ्या माळावर चारतात, कोरडे दिवस आले की जिथं पाणी टिकते त्या उंच भागाकडं जातात, म्हणजे तिथलं गवत तोवर आपोआप राखलं जाते. शिवाय दूरच्या मित्राकडं गायी देऊन ठेवतात, एका भागात पाऊस नाही पडला तरी सगळे खुंटे रिकामे होत नाहीत. मला तर हीच त्यांची सगळ्यात मोठी अक्कल वाटते.

धारणीची ताई: दादा, घरं बाया बांधतात बरं का! काड्या, माती अन् शेणाची. भोवती काट्याचं कुंपण, रात्री ढोरं मधात. दूध काढणं, वाटणं पण बायांच्याच हाती. व्हिडिओत फक्त उड्या मारणारे पोरं दाखवतात याचं वाईट वाटते.

मास्तर: बरोबर बोलल्या ताई. आणि त्यांचं फिरणंच तोडलं गेलं. १८९० च्या दशकात बुळकांडी या ढोरांच्या साथीच्या रोगानं बहुतेक गायी मेल्या, मग इंग्रजांनी १९०४ अन् १९११ च्या करारांनी केनियातली चांगली कुरणं घेतली, तिकडं टांझानियात १९५९ मध्ये सेरेंगेटी या जंगली जनावरांसाठी राखलेल्या पार्कातून बाहेर काढलं. जे लोक जंगली जनावरं खात नव्हते त्यांनाच जनावरांच्या नावावर हटवलं, हा सरळ अन्याय आहे.

धारणीची ताई: मेळघाटातले गावं व्याघ्र प्रकल्पासाठी उठताना पाह्यले आम्ही, म्हणून हे वाचून जीव तुटते.

गवळाऊवाला: मास्तर, ताई, लय आभार. ई-क्लासचा जो तुकडा उरला तो पावसाळ्यात बंद ठेवून मार्चसाठी राखायचा, असं ग्रामसभेत मांडतो. कोणी असं कुरण राखलं असन तर कुंपणाले खर्च किती आला अन् बाहेरची ढोरं कशी अडवली ते सांगा.