मदरबोर्ड बदलायचाय, पण विंडोज परत टाकायची नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, पीसीचा मदरबोर्ड मरायला टेकलाय, चालू होता होता चारदा बंद पडतो, म्हणून नवीन घेतोय, चिपसेट पण वेगळा. एसएसडी मात्र तीच ठेवायचीये, सगळी सॉफ्टवेअरं परत सेट करायची म्हणजे दोन दिवस गेलेच. ड्रायव्हर विंडोज १० बरेचसे स्वतः शोधते, बिटलॉकर (डिस्क लॉक करणारं एन्क्रिप्शन) बंदच आहे, ते ठीक. खरी भीती वेगळीच, डिस्क एमबीआर (पार्टिशनची जुनी पद्धत) आहे, लेगसी मोडमध्ये म्हणजे जुन्या बायोस पद्धतीने बूट होते आणि नव्या बोर्डात फक्त यूईएफआय, म्हणजे बूटची नवी पद्धत, तिला जीपीटी डिस्क लागते. मग एमबीआरटूजीपीटी (डिस्क एमबीआरची जीपीटी करणारं विंडोजचंच टूल) जुन्या बोर्डावर असतानाच चालवू की नंतर पेनड्राइव्हवरून? आणि विंडोजचं लायसन्स ओईएम (पीसीसोबत आलेलं, त्याच बोर्डाला बांधलेलं) निघालं तर अ‍ॅक्टिव्हेशन गेलंच समजायचं का? कुणी स्वतः केलं असेल तर सांगा ना. (बॅकअप घेतलाय, ते नका सांगू.)